ग्लूटेनविना वरणफळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावतीच्या आमच्या घरात पावसाची झड लागली, कुणाला कणकण आली किंवा भाजी आणायचा सगळ्यांनाच कंटाळा आला, की संध्याकाळी वरणफळं ठरलेली. सहा वर्षांपूर्वी मला सीलिॲक आजार निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो, आणि गहू कायमचा सुटला. पोळीचं फारसं वाईट वाटलं नाही, भाकरी मला आधीपासून आवडते. जीव अडकला तो वरणफळांत. पहिलं वर्ष-दीड वर्ष नुसतं फसण्यात गेलं, मग हळूहळू जमलं. आता ओळखीतल्या कुणाच्या घरी गहू बंद झाला की मला फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, स्वयंपाक करणारी आहे. आजाराबद्दल इथे थोडंच आहे, फळांबद्दल जास्त.

वरणफळं आणि चकोल्या एकच का?

जवळजवळ. तुरीच्या पातळ वरणात कणकेचे तुकडे शिजवायचे, एवढं दोन्हीकडे सारखं. पुण्याकडच्या चकोल्यांत आमसूल, गूळ, गोडा मसाला पडतो. आमच्याकडे लसूण आणि हिरवी मिरची, आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाची कडकडीत फोडणी. गुजरातेत याचीच बहीण दालढोकळी. खालची कृती कोणत्याही वरणाला चालते.

गव्हाऐवजी दुसरं पीठ घेतलं की झालं, त्यात एवढं अवघड काय?

मलाही असंच वाटलं होतं. ज्वारीचं पीठ घेतलं, कणकेसारखं गार पाण्यात मळलं, कशीबशी पोळी लाटली, तुकडे केले आणि उकळत्या वरणात सोडले. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर पातेल्यात पिठलं. नवरा म्हणाला, "चव बरी आहे, पण फळं कुठायत?"

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. तेच ग्लूटेन. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळे, आणि उकळत्या वरणात फळ अखंड राहतं तेही त्याच्यामुळेच, कारण जाळ्याने आतल्या पिठाला घट्ट धरून ठेवलेलं असतं. ज्वारी-तांदळातही प्रथिनं असतात, पण ती असं जाळं विणत नाहीत. मग फळाला धरून ठेवणारं दुसरं काहीतरी लागतं.

ते काहीतरी मी बरेच दिवस बाहेर शोधत होते. गव्हाची नक्कल करणाऱ्या तयार पिठांची महागडी पाकिटं आणली, परदेशी केकच्या कृतींतला झॅन्थन गम आणला. फळं टिकायची, पण चघळताना खोडरबर आठवायचं. उत्तर घरातच होतं: उकड. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की त्यातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि एकमेकांना धरतात. उकडीच्या मोदकाची पारी फाटत नाही ती यामुळेच. जुनं पीठ असलं की भाकरीसाठी आपण उकळतं पाणी घेतो तेही यासाठीच. गहू नसलेलं पीठ कसं वागवायचं हे आपल्याकडच्या भाकरी करणाऱ्या बायकांना कधीचं ठाऊक आहे. आपण फक्त वरणफळांच्या वेळी त्यांना विचारत नाही.

कोणतं पीठ सगळ्यात चांगलं?

माझं ठरलेलं प्रमाण असं: एक वाटी ज्वारी, पाव वाटी तांदूळ, एक मोठा चमचा बेसन. ज्वारीने चव येते, तांदळाने चिकटपणा, बेसनाने फळाला थोडी कड येते.

ज्वारी रब्बीची, मालदांडीसारखी पांढरी टपोरी घ्या. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, पण तीच हवी असं नाही, पीठ ताजं हवं. जुनं पीठ विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, मग उकड काढूनही ते चिरा पाडतं. दळून महिना झाला असेल तर त्याची भाकरी करा किंवा आंबील, वरणफळांच्या वाटेला जाऊ नका. तांदूळ इंद्रायणीसारखा चिकट असला तर उत्तम. बासमतीच्या पिठाची उकड मोकळी आणि कोरडी होते.

बाजरी मी दोनदा करून पाहिली. तुरीच्या वरणात ती कडवट लागते आणि रंगही मातकट होतो. नाचणीची फळं टिकतात छान, पण दिसायला काळी गोटी, घरातल्या मुलांनी हात लावला नाही. मक्याचं पीठ रवाळ राहतं. कुळथाच्या पिठाला मात्र माझा कौल आहे. शेंगोळे खाल्लेल्यांना त्याचं आश्चर्य वाटणार नाही. कुळथाचे शेंगोळे म्हणजे एका अर्थी वरणफळांचे चुलत भाऊच. पाहुण्याच्या घरी खाताना मात्र विचारून घ्या, कारण बऱ्याच घरांत शेंगोळ्यांत वळायला सोपं जावं म्हणून मूठभर गव्हाचं पीठ घालतात.

ज्वारीची फळं करणार म्हटल्यावर माझी आजी आधी वैतागली होती. "गव्हाबिगर कायची वरनफयं व माय?" मग दोन दिवसांनी तिनेच सांगितलं, की तिच्या लहानपणी घरात गहू सणावाराला यायचा, रोज ज्वारीच असायची. तेव्हा फळं कशाची व्हायची, हे मात्र तिला काही केल्या आठवलं नाही.

नेमकी कृती सांगाल का?

चार जणांसाठी. आधी वरण लावून घ्या, उकड त्याच्यासाठी थांबत नाही.

वरण: पाऊण वाटी तूरडाळ हळद घालून कुकरला मऊ शिजवा आणि घोटा. मोठ्या, पसरट पातेल्यात तेल, मोहरी, जिरं, आठ-दहा ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, हिरवी मिरची, कढीपत्ता, हवा तर टोमॅटो. त्यावर डाळ आणि पाच ते सहा वाट्या गरम पाणी. हे पाणी वाचून माणसं दचकतात. घाबरू नका. ज्वारी आणि तांदूळ कणकेपेक्षा जास्त पाणी ओढतात, वरण सुरुवातीला आमटीपेक्षाही पातळ दिसलं पाहिजे. मीठ आत्ता थोडं कमी घाला, आटल्यावर ते वर येतं.

उकड: तिन्ही पिठं एकत्र करून त्यात एक चहाचा चमचा इसबगोल कोरडाच मिसळा. वेगळ्या पातेल्यात सव्वा वाटी पाणी, मीठ, पाव चमचा ओवा, तिखट, हळद आणि दोन चमचे तेल उकळा. खळखळून उकळी आली की गॅस बारीक करून पीठ एकदम ओता, उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ काढा. गॅस बंद. आणखी पाच मिनिटं झाकलेलंच राहू द्या, इसबगोलाला पाणी प्यायला तेवढा वेळ लागतो.

आता परातीत काढून, हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळा. पाण्याचा हात लावत, तळव्याच्या बुडाने रगडून, चांगली पाच-सात मिनिटं. भाकरीचं पीठ मळताना जसं अंग लावतो तसंच. गोळा लोण्यासारखा गुळगुळीत झाला आणि बोटाने दाबल्यावर कडेला चिरा पडल्या नाहीत, की झालं. चिरा पडल्या तर आणखी चमचाभर गरम पाणी.

लाटणं: दुधाची पिशवी धुऊन, कापून, तिच्या दोन तुकड्यांमध्ये लाटा. पिठी लावून लाटू नका, ती पिठी पुढे वरणात उतरते. जाडी कणकेच्या फळांपेक्षा किंचित जास्त, साधारण तीन मिलिमीटर. छोट्या वाटीने गोल कापा. आजी पुरीला चार बाजूंनी चिमटा काढून फूल करायची. उकड कोमट आहे तोवर हे जमतं, गार झाल्यावर चिमटा काढला की तुकडा हातात येतो. घाई असेल तर शंकरपाळ्यासारखे तुकडे करा, चवीत फरक पडत नाही.

शिजवणं: वरण खळखळत असताना फळं एकेक करून, पातेल्याच्या वेगवेगळ्या जागी सोडा. सगळी सोडून झाली की चार मिनिटं डाव घालायचा नाही. हात शिवशिवतात, तरीही नाही. चिकटायची भीती वाटली तर पातेलं फडक्यात धरून हलवा. मग एकदाच अलगद ढवळून झाकण ठेवा आणि मंद आचेवर आणखी पाच मिनिटं. उकड आधीच अर्धी शिजलेली असते, म्हणून वेळ कमी लागतो. एक फळ काढून चिरा. मधे पांढरी कोरडी रेघ दिसली नाही की उतरवा.

वाढताना वर तूप, कोथिंबीर आणि लसणाची फोडणी. लिंबू हवंच.

तरीही फळं फुटली. का?

बहुतेक वेळा पाणी नीट उकळलं नव्हतं, किंवा पीठ जुनं होतं. तिसरं कारण अर्धवट मळणं. उकड काढली म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण मळल्याशिवाय ती एकसंध होत नाही. चौथं कारण मंद वरण. फळ पडताच वरून लगेच शिजलं पाहिजे, म्हणून सोडताना आच मोठी हवी.

एवढं करूनही धाकधूक असेल तर फळं चाळणीवर आठ मिनिटं वाफवून घ्या आणि मग वरणात टाका. अशी फळं फुटत नाहीत. वरण मात्र त्यांच्यात कमी मुरतं, म्हणून मी हा उपाय पाहुणे येणार असतील तेव्हाच करते.

इसबगोल वाढवून उपयोग नाही. एकाचे दोन चमचे केले की फळ बुळबुळीत होतं.

कुकरमध्ये सगळं एकदम लावता येईल का?

कणकेची फळं काही जणी कुकरला लावतात. ही लावू नका.

खपली गहू पचायला हलका असतो म्हणतात. तो चालेल?

नाही. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असतं. कुणाला तो पचायला हलका वाटत असेल, पण सीलिॲकवाल्याला चालत नाही. रवा, मैदा, दलिया, शेवया हीसुद्धा गव्हाचीच रूपं. जवातही ग्लूटेन असतं, म्हणून जव किंवा गहू घातलेलं सातूचं पीठ आणि माल्ट असलेली दुधात घालायची पेयंही बाद. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुतेक घरांत गहू असतो, ती स्वतः गव्हाशिवाय भाजून-दळून घ्या.

हिंगात गहू असतो हे खरं आहे का?

अनेकदा खरं आहे, आणि माझे सहा महिने यातच वाया गेले. पोळी बंद, बिस्किट बंद, ब्रेड बंद, तरी रक्ततपासणीतला सीलिॲकचा आकडा खाली येईना. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी फोडणीच्या डब्यातली एकेक वस्तू विचारली तेव्हा हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर मी पहिल्यांदा वाचलं.

हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो शुद्ध इतका उग्र असतो की बाजारात सहसा तसा विकत नाहीत, त्यात डिंक आणि पीठ मिसळून बांधतात. हे पीठ तांदळाचं असू शकतं आणि गव्हाचंही. नुसता खडा हिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खडाही बांधलेला असू शकतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाचं पीठ लिहिलेला किंवा ग्लूटेनमुक्त म्हणून विकलेला हिंग मिळतो. सुटा हिंग घेऊच नका. आमच्या लसणाच्या वरणात हिंग नसला तरी कुणाला कळत नाही. आमसुलाच्या चकोल्यांत मात्र त्याची उणीव जाणवते, तिथे शोधून आणा.

ज्वारी गिरणीत दळून आणली तर?

त्याच गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. "सकाळी सगळ्यात आधी माझं दळा" म्हणून भागत नाही, कारण जात्याच्या दगडांत आणि पेटीत कालचं पीठ उरलेलंच असतं. पर्याय दोन. घरघंटी घ्यायची आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही, किंवा ग्लूटेनमुक्त छापलेलं पाकीट आणायचं. भारतात तसं छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

घरघंटी असली तरी दाणे निवडा. वाण्याकडच्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. ताटात पसरून, खिडकीपाशी बसून, जुन्या पद्धतीने. मग धुऊन कडक वाळवा.

पोळपाट-लाटणंही वेगळं हवं का?

लाकडी असेल तर हो. लाकडाच्या रेषांत कणीक बसते आणि घासून निघत नाही. पिठाची चाळणीही वेगळी, कारण तिची जाळी कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही. स्टीलची परात, पातेली नीट घासली की चालतात. मी माझ्या वस्तूंना लाल दोरा बांधलाय. घरात पोळ्या होत असतील तर आधी ग्लूटेनविना स्वयंपाक, मग पोळ्या. कणीक उडते आणि उघड्या वरणावर बसते.

चिमूटभर कणीक घातली तर फळं छान टिकतील. एवढ्याने काय होणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा मावश्यांनी आणि आत्यांनी विचारला आहे, प्रेमाने. म्हणून हिशोब करून सांगते. एक ग्रॅम कणकेत साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. चिमूट अर्ध्या ग्रॅमची धरली तरी ४०-५० मिलिग्रॅम झालं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तर सीलिॲकवाल्याच्या आतड्याला इजा होते, हे अभ्यासात दिसलेलं आहे. लहान आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडते आणि अन्न अंगी लागत नाही. लोह कमी, हाडं ठिसूळ. पोट दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजू नका. मला कधीच पोटदुखी नव्हती, फक्त हिमोग्लोबिन ८ वर चढत नव्हतं.

एवढं सांगूनही आत्या म्हणते, "बरं बाई, तुझ्या ताटात नाही घालत." मग तिच्या घरी मी दहीभात खाते.

मलाही गहू बाधतो असं वाटतं. बंद करून बघू का?

आधी तपासणी करा, मग बंद करा. क्रम उलटा झाला की पंचाईत होते. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खात असतानाच खरं उत्तर देतात. मी कुणाच्या तरी सल्ल्याने दोन महिने गहू सोडून मग रक्त दिलं. अहवाल धड हो नाही, धड नाही नाही. डॉक्टरांनी पुन्हा सहा आठवडे पोळ्या खायला लावल्या. ते आठवडे मी वरणफळं मात्र मनसोक्त खाल्ली.

आम्ही परदेशात राहतो. ज्वारी मिळत नाही.

भारतीय दुकानात नाव वेगळं असेल, 'सोरघम' शोधा. तिथलं पीठ बहुधा जुनं असतं, म्हणून तांदळाचं प्रमाण पाव वाटीऐवजी अर्धी वाटी करा. चिनी-जपानी दुकानांत 'ग्लुटिनस राइस'चं पीठ दिसलं तर नावाला बिचकू नका. त्याचा अर्थ चिकट तांदूळ इतकाच, त्यात ग्लूटेन नसतं. पाकिटावरची बाकीची अक्षरं मात्र वाचा. दोन चमचे घातलं तर उकड सुरेख येते. इसबगोल 'सिलियम हस्क' नावाने औषधांच्या दुकानात मिळतं, पण नारंगी स्वादाचं आणू नका. माझ्या चुलतबहिणीने न्यू जर्सीत आणलं होतं. तिच्या घरी आता संत्र्याच्या वरणफळांचा विषय काढायचा नाही.

याच उकडीची पुरणपोळी होईल का?

होईल, पण ती वेगळी विद्या आहे. पुरण भरल्यावर ही पारी ताणली जात नाही. मी तांदळाच्या उकडीत पुरण भरून तव्यावर जाडसर थापते आणि तिला पुरणपोळी न म्हणता पुरणाची भाकरी म्हणते. अपेक्षा कमी ठेवली की बरी लागते.

चव तशीच लागते का?

वरण तेच लागतं. फळ तसं लागत नाही. कणकेचं फळ दाताखाली थोडं ओढ घेतं, मग तुटतं. ज्वारीचं फळ लगेच मऊ होतं आणि मागाहून किंचित गोडसर चव येते. पहिल्या दोन-तीन वेळा मला फरकच जाणवत राहिला. डोळे मिटून खाल्लं तर ओळखू येणार नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ताप आलेल्या संध्याकाळी मात्र मी आता हीच मागते, आणि घरातले गहू खाणारेही वेगळं पातेलं चढवत नाहीत.

उरली तर दुसऱ्या दिवशी काय करायचं?

गार झाली की ही फळं कडक होतात, तांदूळ आणि ज्वारीचा तो स्वभावच आहे. फ्रिजमधून काढलेली तशीच खाऊ नका, डब्यातही देऊ नका. अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवून उकळी आणा, पुन्हा मऊ होतात. किंवा फळं वरणातून निथळून, लोखंडी तव्यावर तेल, मोहरी, तीळ आणि सुकी मिरची टाकून खरपूस परता. तवा अर्थातच लाल दोऱ्याचा.